नामावली आणि अधिकार : ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील महापौरपदाच्या इतिहासलेखनाविषयी काही विचार

गेल्या वर्षी आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीने स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाचा भाग म्हणून ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन महानगरपालिकांच्या महापौरांविषयी एक टिपण सादर केले. टिपण नेटके होते. अनुक्रमांक, नाव, कार्यकाळ, पक्ष असे चार रकाने आणि मागे दोन पानांची प्रस्तावना, एवढा त्याचा विस्तार. मी ते तपासले, शुद्धलेखनाच्या चार चुका दाखविल्या आणि खाली 'समाधानकारक' असा शेरा लिहून परत केले. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी ते टिपण पुन्हा चाळीत असता एक गोष्ट ध्यानात आली व मनाला लागून राहिली. कल्याण महानगरपालिका १९८३ साली अस्तित्वात आली आणि यादीतील पहिल्या महापौरांचे वर्ष १९९५ होते. या दोहोंमधील बारा वर्षांविषयी टिपणात चकार शब्द नव्हता. विद्यार्थिनीला विचारता तिने सरळ उत्तर दिले : 'त्या काळात कोणी नव्हते, म्हणून लिहिले नाही.' हे उत्तर चुकीचे आहे हे मला कळत होते. पण ते चूक का, हे तत्काळ सांगता येईना; आणि ज्या टिपणावर आपण 'समाधानकारक' लिहिले त्यातील उणीव आपल्यालाही दिसली नव्हती, याची खंत अधिक होती. प्रस्तुत लेख त्या खंतीतून लिहिला आहे.

नगराचा इतिहास प्रमुखांच्या नामावलीच्या रूपाने लिहिण्याची रीत आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. नगरपालिकांच्या स्मरणिका, वर्धापनदिनाचे विशेषांक, सभागृहाच्या भिंतीवरील नामफलक, निवृत्त पदाधिकाऱ्यांचे गौरवग्रंथ, या सर्वांचा कणा एकच, तो म्हणजे क्रमाने मांडलेली नावे. पुराणांतील वंशानुचरित व बखरींतील राजावळ्या यांच्याशी या रचनेचे नाते उघड आहे. राजावळीचा एक अलिखित नियम असतो. सिंहासन कधी रिकामे नसते. एक गेला की दुसरा बसतो, आणि मध्ये पोकळी पडलीच तर लेखक ती सांधून घेतो. राजसत्तेच्या बाबतीत ही रचना निदान तर्काला धरून होती, कारण राजा हाच सत्तेचा उगम मानला जाई. महापौराच्या बाबतीत तीच रचना जशीच्या तशी वापरली म्हणजे मात्र दोन गोष्टी नकळत गृहीत धरल्या जातात. नगराची सत्ता त्या नावाच्या ठायी होती, ही एक. आणि ज्या वर्षी नाव नाही त्या वर्षी काही घडले नाही, ही दुसरी. दोन्ही खोट्या आहेत. त्या कशा, हे कायद्याच्या पुस्तकातून दाखविता येते. परंतु भाषेच्या अभ्यासकाला ते प्रथम शब्दांतूनच दिसायला हवे होते.

'महापौर' हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून मराठीला मिळाला, हे सर्वश्रुत आहे. त्यांनी सुचविलेल्या शब्दांपैकी काही रुजले, काही कोशात राहिले. 'झरणी' फाऊंटन पेनची जागा घेऊ शकली नाही. 'निर्बंध' हा 'कायदा' या अर्थी चालला नाही, पण 'बंधन' या अर्थी चालू राहिला. 'दिनांक' व 'महापौर' मात्र इतके रूढ झाले की ते घडविलेले शब्द आहेत हे सांगूनही खरे वाटत नाही. घडण सरळ आहे. 'पुर' या शब्दास 'तेथील' अशा अर्थाचा तद्धित प्रत्यय लागून 'पौर' होतो, म्हणजे नगरात राहणारा. आणि 'महत्' चा समासात 'महा' होऊन कर्मधारय समास सिद्ध होतो. म्हणजे महापौर हा मोठा नगरवासी. या समासात पती नाही, पाल नाही, अध्यक्ष नाही, शासक तर नाहीच. अधिकार दाखविणारा एकही घटक या शब्दात नाही. नगरवासीयांतलाच एक, पण मानाने थोर, इतकेच तो सांगतो.

'पौर' या शब्दाला प्राचीन वाङ्मयात 'पौरजानपद' या जोडीमुळे महत्त्व आले. काशीप्रसाद जायस्वाल यांनी आपल्या 'हिंदू पॉलिटी' या १९२४ च्या ग्रंथात पौर म्हणजे राजधानीची संघटित सभा असा अर्थ लावला होता. पुढे अनंत सदाशिव अळतेकर आदी विद्वानांनी तो अमान्य केला आणि 'पौर' म्हणजे केवळ नगरातील लोक असेच मानले. हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. मौज वेगळीच आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात नगराचा कारभार पाहणारा, रात्रीच्या संचारावर व आगीच्या बंदोबस्तावर लक्ष ठेवणारा जो राजनियुक्त अधिकारी आहे त्याचे नाव 'नागरिक'. आज तोच शब्द सामान्य माणसासाठी आहे, आणि सामान्य नगरवासीयाचा 'पौर' मात्र पदाच्या नावात जाऊन बसला आहे. दोन शब्दांनी जणू घरांची अदलाबदल केली.

इतर भाषांत पाहिले तर या पदाची नावे निरनिराळ्या कल्पनांतून निघाली आहेत. इंग्रजी 'मेयर' हा फ्रेंचमधून लॅटिन 'मायोर' पर्यंत जातो. त्याचा अर्थ 'अधिक मोठा'. त्याचे मूळ आणि आपल्या 'महत्' चे मूळ इंडो-युरोपीय कुलात एकच आहे. तेव्हा 'महापौर' मधील 'महा' हा 'मेयर' चा केवळ अनुवाद नसून दूरचा भाऊबंद निघतो. जर्मन 'ब्युर्गरमाइस्टर' हा नागरिकांचा स्वामी. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील पेरू, चिली यांसारख्या स्पॅनिशभाषी देशांतील लहानशा बंदरगावांचा प्रमुखही 'अल्काल्दे' असतो. तो शब्द अरबी 'अल्-काजी' पासून आला, म्हणजे मूळचा न्याय देणारा. आपल्या जुन्या कागदपत्रांत येणारा काजी आणि पॅसिफिकच्या काठचा अल्काल्दे हे शब्द एका घरचे, हे सांगितल्यावर वर्गातील मुले दर वर्षी हसतात. स्वामी, न्यायाधीश, मोठा, अध्यक्ष : या चौघांत मराठीने 'मोठा' निवडला आणि त्याला नगरवासीयाच्या नावाशी जोडून आणखी निरुपद्रवी केले. माझ्या मते ही निवड, हेतुतः असो वा नसो, सत्याला धरून होती.

कारण कायदाही हेच सांगतो. ठाणे व कल्याण येथील महानगरपालिका ज्या १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाखाली स्थापन झाल्या (आता त्याचे नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असे झाले आहे), त्यात कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे आहेत. पैशाच्या मंजुरीचा मोठा भाग स्थायी समितीच्या हाती, आणि तिचा सभापती निराळा. महापौराकडे राहते ते सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान, समसमान मते पडली असता निर्णायक मत, आणि नगराचा प्रथम नागरिक म्हणून मिळणारा मान. मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीस महापौर-परिषदेच्या रूपाने कार्यकारी अधिकार निर्वाचितांकडे देण्याचा प्रयोग झाला. तो अल्पायुषी ठरला. 'आयुक्त' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. 'युज्' धातूचे हे कर्मणी भूतकालवाचक रूप. ज्याला कोणी कामास जुंपले आहे तो आयुक्त. गुप्तकालीन लेखांत 'आयुक्तक' नावाचा अधिकारी येतो तो याच अर्थाने. ज्याला वरून नेमले त्याच्याकडे अधिकार, आणि जो पुरात राहतो त्याच्याकडे मान, असा हा सरळ वाटा आहे. शब्दांनी काही लपविलेले नाही. लपविते ती नामावली.

आता ठाण्याचे उदाहरण घेऊ. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची. आरंभीच्या काळात अशा नगरपालिकांचे अध्यक्षपद जिल्ह्याच्या कलेक्टराकडे असे. निर्वाचित अध्यक्ष ही पुढची, टप्प्याटप्प्याने आलेली गोष्ट. १९६७ साली शिवसेनेस ठाणे नगरपालिकेत सत्ता मिळाली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. त्या पक्षाच्या इतिहासात ही पहिली सत्ता म्हणून नोंदली जाते. १९७४ साली नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावयाचा, अशी पद्धत आली आणि ठाण्यात सतीश प्रधान निवडून आले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली, पहिली निवडणूक १९८६ साली, आणि पहिले महापौर पुन्हा सतीश प्रधान.

येथे एकाच व्यक्तीने दोन्ही पदे भूषविल्यामुळे तुलना आयती हाती येते. ठाणेकर ज्या वास्तूंशी प्रधानांचे नाव जोडतात त्या म्हणजे मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन आणि दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह. या दोहोंचा संबंध त्यांच्या नगराध्यक्षपदाच्या कारकिर्दीशी आहे, महापौरपदाच्या वर्षाशी नाही. याचे कारण व्यक्तीत शोधणे व्यर्थ. माणूस तोच होता. १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाने नगराध्यक्षाला आर्थिक व कार्यकारी प्रशासनावर देखरेखीचा व नियंत्रणाचा अधिकार दिला होता. 'अध्यक्ष' या शब्दाचा अर्थशास्त्रातील अर्थही खात्यावर देखरेख करणारा असाच आहे. नगर वाढले, नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पदनामाला 'महा' लागले; आणि हातातील अधिकार मात्र उतरला. नामफलकावर ही उतरण बढतीसारखी दिसते. वरच्या ओळीत नगराध्यक्ष, खालच्या ओळीत महापौर, आणि वाचणाऱ्यास वाटावे की नगराचा प्रमुख एक पायरी वर चढला.

पुढील काळातही यादीचा व सत्तेचा मेळ बसत नाही. पूर्वी महापौराची मुदत अवघ्या एका वर्षाची होती. अनंत तरे यांच्यासारखे तीनदा निवडून आलेले महापौर हे अपवाद. एका वर्षात अंदाजपत्रकाची एक सभा, पावसाळ्यापूर्वीची नालेसफाईची पाहणी आणि सत्कार यांपलीकडे काय घडावे? १९९० च्या दशकातील ठाण्याचे रस्ते कोणी रुंद केले असे जुन्या ठाणेकरास विचारावे. तो त्या वर्षींच्या महापौराचे नाव सांगणार नाही, आयुक्त टी. चंद्रशेखर यांचे सांगेल. महापौर कोणी व्हावे हे कोण ठरवीत असे असे विचारावे. उत्तर येईल आनंद दिघे, ज्यांनी २००१ साली निधन होईपर्यंत कोणतेही निर्वाचित पद भूषविले नाही. २०२२ साली मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे ठाण्याचे नगरसेवक होते, सभागृह नेते होते; महापौर नव्हते. म्हणजे नगराचे रूप बदलणारा, महापौर ठरविणारा आणि नगरातून निघून राज्याच्या प्रमुखपदी पोहोचणारा, या तिघांपैकी एकही त्या यादीत नाही. येथे कोणाची स्तुती वा निंदा करण्याचा हेतू नाही. यादी काय टिपते व काय टिपू शकत नाही, एवढेच दाखवावयाचे आहे.

कल्याण-डोंबिवलीची कथा याहून बोलकी आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर ही नगरे व आसपासची गावे मिळून कल्याण महानगरपालिका झाली. उल्हासनगर मधोमध असूनही बाहेर राहिले. नकाशा पाहिला तर हा प्रकार आजही चमत्कारिक वाटतो. पहिली निवडणूक झाली ती १९९५ साली. एक तपभर या महानगरपालिकेस सभागृह नव्हते. १९८३ साली जन्मलेले मूल सहावी-सातवीत जाईतो त्याच्या नगराला महापौर नव्हता. याच बारा वर्षांत मुंबईत न परवडणारी मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबे लोकलच्या आधारे डोंबिवलीकडे लोटली, शेतांच्या जागी चाळी व चाळींच्या जागी इमारती आल्या, पाणी व रस्ते यांचे प्रश्न जन्मास आले. १९९२ साली अंबरनाथ व बदलापूर महानगरपालिकेतून वेगळे झाले, म्हणजे नगराची हद्दसुद्धा बदलली, आणि तिच्यावर सभागृहात चर्चा करण्यास नगरसेवकच अस्तित्वात नव्हते. या नगराचे आजचे जे रूप आहे त्याचा पाया ज्या काळात घातला गेला, नेमका तोच काळ नामावलीत नाही. विद्यार्थिनीच्या वाक्यातील चूक येथे स्पष्ट होते. 'कोणी नव्हते' असे नव्हे, प्रशासक होता. 'शास्' धातूतून आलेला, म्हणजे ज्याच्या नावातच राज्य करणे आहे असा या शब्दसमूहातील हा एकमेव शब्द. आणि यादीत जागा नाही ती त्यालाच.

१९९५ साली कल्याण-डोंबिवलीच्या पहिल्या महापौर झाल्या त्या आरती मोकल. पहिलाच महापौर स्त्री असण्याचा हा योग व्याकरणाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. संस्कृतात 'पौर' चे स्त्रीलिंगी रूप 'पौरी' होते. मराठीत 'महापौरी' कोणी म्हटले नाही आणि म्हणणारही नाही. 'नगरसेवक' चे 'नगरसेविका' सहज झाले, 'नगराध्यक्षा' हेही छापले जाते. 'महापौर' मात्र तसाच राहिला व लिंगाचा भार क्रियापदाने उचलला : 'महापौर आल्या', 'महापौर म्हणाल्या'. मुंबईत १९५६ साली सुलोचना मोदी महापौर झाल्या तेव्हापासून ही सोय मराठीस उपलब्ध आहे. जुन्या 'नगरपिता' या शब्दाला मात्र ती सोय नव्हती; सभागृहात स्त्रिया मोठ्या संख्येने येऊ लागल्यावर तो शब्द मागे पडला यात नवल नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर महापौरपदाचे आरक्षण सोडतीने ठरू लागले, मुदत पुढे अडीच वर्षांची झाली. त्यामुळे यादीत पूर्वी कधी न दिसणारी नावे दिसू लागली, हा नामावलीचा खरा व महत्त्वाचा पुरावा आहे. कोण त्या खुर्चीत बसू शकते, हे ती उत्तम सांगते. खुर्चीतून काय करता येते, हे तिला विचारू नये.

ते विचारावयाचे असल्यास कोनशिला वाचाव्या. दोन्ही नगरांत उद्याने, दवाखाने, पूल, स्मशानभूमी यांच्या भिंतींत त्या विपुल आहेत. त्यांचे वाक्य ठराविक असते : अमुक वास्तूचे उद्घाटन महापौर अमुक यांच्या शुभहस्ते, आयुक्त तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत संपन्न झाले. वाक्यात क्रिया आहे, पण वास्तू कोणी बांधली, कोणी मंजूर केली, पैसा कोठून आला, हे सांगणारा कर्ता नाही. महापौर येतो तो 'हस्ते' या शब्दाबरोबर. आपल्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांत 'हस्ते' हा शब्द ज्याच्यामार्फत रक्कम पोहोचली त्याच्यासाठी लिहीत. धनको निराळा, ऋणको निराळा, आणि 'हस्ते' हा मधला माणूस. कोनशिलेने हा अर्थ जपला आहे. 'शुभ' हे विशेषण लागल्यामुळे तो दिसेनासा होतो, इतकेच.

दुसरी पोकळी अलीकडची. कल्याण-डोंबिवलीत विनिता राणे यांच्या कारकिर्दीत, नोव्हेंबर २०२० मध्ये, सभागृहाची मुदत संपली. साथीमुळे निवडणूक लांबली. ठाण्यात नरेश म्हस्के महापौर असताना मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. पुढे प्रभागरचना व आरक्षण यांचे न्यायालयीन वाद चालले आणि दोन्हीकडे आयुक्तच प्रशासक झाले. निवडणुका झाल्या त्या जानेवारी २०२६ मध्ये. २०११ च्या जनगणनेनुसार ठाण्याची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार व कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती. म्हणजे तीस लाखांहून अधिक माणसे इतकी वर्षे निर्वाचित सभागृहावाचून राहिली. या काळात रस्त्यांवरील फलकांवर एक शब्द फार फोफावला, तो म्हणजे 'माजी'. माजी महापौर, माजी नगरसेवक, माजी सभापती. हा अरबी शब्द फारसी व्याकरणात भूतकाळाचे नाव आहे. शुद्ध संस्कृत 'महापौर' च्या आधी तो बसला की सावरकरांना काय वाटले असते, हा विचार मनात येतो. परंतु त्याहून विशेष हे की वर्तमानकाळ रिकामा असताना नगराचे राजकारण भूतकाळवाचक पदनामांनी चालू होते.

कोणी म्हणेल, यादी ही यादीच असते. तिच्याकडून एवढ्या अपेक्षा कशाला? नावे व सने बिनचूक असली म्हणजे झाले. हा आक्षेप मला एरवी मान्य झाला असता. मात्र आपल्या विद्यापीठांतून स्थानिक इतिहासावर जे प्रबंध होतात, त्यांतील कितीतरी अशाच याद्यांच्या पायावर उभे असतात. यादीत ज्याचे नाव त्याची मुलाखत, त्याचे कात्रण, त्याच्या घरचे छायाचित्र. प्रशासकाच्या काळातील ठरावांची बाडे, नगररचनेचे नकाशे, शासनाशी झालेला पत्रव्यवहार यांना हात लावण्याचे कारणच विद्यार्थ्याला सापडत नाही, कारण आरंभीच्या तक्त्यात त्या काळाला ओळ नाही. जे तक्त्यात नाही ते दप्तरातही शोधले जात नाही, आणि दप्तर कोणी मागत नसेल तर ते टिकविण्याची निकडही कोणास वाटत नाही. वीस वर्षांनी १९८३ ते १९९५ या काळातील कल्याणविषयी लिहू इच्छिणाऱ्याच्या हाती काय उरेल, याची मला खरोखर चिंता वाटते.

विद्यार्थिनीला टिपण परत दिले व रिकाम्या वर्षांच्या ओळी भरून आणण्यास सांगितले. तिने त्या भरल्या. ठाण्यात १९८२ ते १९८६ व २०२२ ते २०२६, कल्याण-डोंबिवलीत १९८३ ते १९९५ व २०२० ते २०२६. मग तिनेच अडचण काढली. रकान्याचे शीर्षक 'महापौरांचे नाव' असे आहे, त्याखाली प्रशासक कसा लिहावा? 'नगरप्रमुख' म्हणावे तर महापौर प्रमुख नाही. 'कारभारी' म्हणावे तर तो कारभार पाहत नाही. 'प्रथम नागरिक' म्हणावे तर प्रशासक त्या नगराचा रहिवासी असेलच असे नाही. दोघांनाही सामावून घेणारा शब्द मला अद्याप सुचलेला नाही. तूर्त त्या रकान्याचे शीर्षक कोरे ठेवले आहे, आणि तिची तोंडी परीक्षा पुढील महिन्यात आहे.